पंडित विष्णू नारायण भातखंडे : गाण्याला क्रमिक पुस्तक देणारा पुरुष

(द्वितीय वर्ष कला)

गाणे शिकवून येते की ते उपजतच असावे लागते, हा वाद आपल्या समाजात फार जुना आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या तंबोरा वाजत आला त्यांनी उपजतपणाच्या बाजूने कौल द्यावा, हे साहजिकच आहे. पण ज्याच्या घरी तंबोरा नाही, ज्याच्या आईबापांना एकाही रागाचे नाव ठाऊक नाही, त्या मुलाने काय करावे? त्याने शाळेत जावे आणि इतिहास-भूगोल शिकतो तसेच गाणेही शिकावे, असे उत्तर आज आपण सहज देऊन टाकू. सव्वाशे वर्षांपूर्वी हे उत्तर इतके सोपे नव्हते. शाळेत शिकवावयाचे तर पुस्तक हवे, इयत्ता हव्यात, शिकविणारा शिक्षक हवा, आणि काय आले म्हणजे पहिली इयत्ता संपली हे आधी ठरलेले हवे. यांपैकी फारच थोडे त्या काळी हिंदुस्थानी संगीताजवळ होते. ते सारे ज्यांनी आयुष्य वेचून उभे केले, त्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचे चरित्र म्हणूनच आम्हा विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. घराणे मूळचे कोकणातले, स्थिती मध्यम, आणि घरात गाण्याची आवड असली तरी पेशा मात्र गाण्याचा नव्हे. लहानपणी त्यांना बासरीचा नाद लागला. पुढे ते वल्लभदास दामुलजी यांच्याकडे सतार शिकू लागले. त्या काळी सुशिक्षित घरातल्या मुलाने गाण्याबजावण्याच्या मागे लागणे फारसे प्रतिष्ठेचे मानीत नसत. गाणे ऐकावे, वाहवा करावी, पण शिकू नये, अशी एकूण वृत्ती होती. तरुण विष्णूने दोन्ही वाटा सांभाळल्या. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८८५ साली ते बी. ए. झाले आणि १८८७ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ त्यांनी कराचीस वकिलीही केली.

याच सुमारास, १८८४ साली, ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. ही संस्था पारशी गृहस्थांनी १८७० साली काढलेली होती. तेथे मोठमोठे गवई येत, गात आणि शिकवीतही. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंड्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. अली हुसेन व विलायत हुसेन या खाँसाहेबांकडून ख्याल घेतले. परंतु शिकता शिकता या वकिलाच्या मनात एक वेगळीच शंका उभी राहू लागली. एकाच नावाचा राग एका उस्तादाकडे एका तऱ्हेने गाइला जाई, तर दुसऱ्याकडे दुसऱ्या तऱ्हेने. कोणता गंधार घ्यावा, कोणता धैवत घ्यावा, असे विचारले की आमच्या घराण्यात असेच चालते, एवढेच उत्तर मिळे. संस्कृत ग्रंथ उघडून पाहावे, तर त्यांत वर्णिलेले राग प्रत्यक्ष गायनातल्या रागांशी जुळत नसत. कोर्टात पुरावा मागण्याची सवय झालेल्या माणसाला हे कसे पटावे?

त्यांच्या संसारावर याच काळात मोठे आघात झाले. १९०० साली पत्नी वारली आणि १९०३ साली एकुलती एक मुलगीही गेली. दुसरा एखादा खचून गेला असता. भातखंड्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. हळूहळू वकिलीही सोडली, आणि उरलेले सारे आयुष्य गाण्याचा पुरावा गोळा करण्याच्या कामी लावले.

तो पुरावा गोळा करण्यासाठी त्यांनी सारा देश पालथा घातला. १८९६ साली ते गुजरात-काठेवाडात हिंडून आले होतेच. १९०४ साली ते दक्षिणेत उतरले. मद्रास, तंजावर, मदुरा अशी गावे घेत ते एट्टयापुरमला पोहोचले आणि तेथे त्यांनी सुब्बराम दीक्षितर यांची भेट घेतली. व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिकेची आणि तिच्यातल्या ७२ मेळांच्या व्यवस्थेची ओळख त्यांना या प्रवासात झाली. दक्षिणेकडच्या पंडितांनी आपल्या रागांना घरे नेमून दिली आहेत. मग उत्तरेकडच्या रागांनीच बेघर का राहावे, हा विचार तेथून त्यांच्या मनात पक्का झाला. पुढे १९०७ साली नागपूर, हैदराबाद, विजयानगरम्, कलकत्ता, आणि १९०८ साली अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर असे प्रवास झाले. जेथे जात तेथे पोथ्या पाहत, गवयांना प्रश्न विचारीत आणि रात्री बसून सारे रोजनिशीत लिहून काढीत.

गवयांकडून चिजा मिळविणे हे पोथ्या मिळविण्याहून कठीण होते. चीज ही घराण्याची दौलत. ती मुलाला द्यावी, फार तर जावयाला द्यावी. परक्या वकिलाने कागद-पेन्सिल घेऊन समोर बसावे आणि ती उतरवून न्यावी, हे कोणाला रुचेल? आणि उस्तादांचे तरी काय चुकले? त्या चिजांवरच त्यांचे पोट होते. भातखंड्यांनी कोठे मैत्री जोडली, कोठे पैसे मोजले, कोठे शिष्यत्व पत्करले. जयपूरच्या मनरंग परंपरेतले महंमद अली खाँ व त्यांचे पुत्र आशिक अली यांच्याकडून त्यांना फार मोठा साठा मिळाला. ग्वाल्हेरच्या परंपरेतले ख्याल एकनाथ पंडितांकडून मिळाले. रामपूरचे नबाब हमीद अली खाँ यांचे तर ते रीतसर शिष्य झाले, आणि तानसेनाच्या वंशातले बीनकार वजीर खाँ यांच्या परंपरेतली विद्या त्या दरबारात त्यांना ऐकावयास मिळाली. आज आपण जे पुस्तक सहज उघडतो, त्याच्या पानापानामागे अशा किती तरी विनवण्या आहेत!

जमविलेल्या या डोंगराला त्यांनी आकार कसा दिला, हे पाहण्यासारखे आहे. १९१० च्या सुमारास त्यांचा श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर स्वतःचे नाव न घालता त्यांनी चतुर पंडित असे टोपणनाव घातले. जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे यापेक्षा आज गवई प्रत्यक्ष काय गातात, त्याला प्रमाण मानून शास्त्र रचावे, हे त्या ग्रंथाचे सूत्र होते. पाठोपाठ हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. संस्कृत पंडितांसाठी आणि मराठी विद्यार्थ्यासाठी, ही त्यांची दुहेरी दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे.

रागांची घरे त्यांनी दहा ठरविली : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. हेच ते दहा थाट. स्वर लिहिण्याची पद्धतीही त्यांनी सोपी केली. शुद्ध स्वराला काही खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर टिंब. समेला फुली आणि खालीला शून्य. खेड्यातल्या मास्तरालाही फळ्यावर खडूने लिहिता येईल आणि पोरांना पाटीवर उतरवून घेता येईल, इतकी ही लिपी सरळ आहे. त्यांनी आणखी एक युक्ती केली. रागाचे स्वर कोणते, वादी कोणता, वेळ कोणती, हे सारे त्या रागातच बांधलेल्या गीताच्या शब्दांत घातले. त्याला लक्षणगीत म्हणतात. मुलाने गाणे पाठ केले की नियम आपोआप पाठ झाला. पाढे तालावर म्हणून घेणाऱ्या आपल्या जुन्या गुरुजींची ही रीत नव्हे काय?

या सर्वांचे फळ म्हणजे हिंदुस्थानी संगीत पद्धती क्रमिक पुस्तकमालिका. १९२० च्या आसपास तिचे भाग निघू लागले. एकूण भाग सहा, आणि त्यांतले शेवटचे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. साऱ्या मिळून अठराशेच्या आसपास चिजा त्यांत स्वरलिपीसह आहेत. नावातला क्रमिक हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भागात सोपे राग, सरगम, छोटी गीते. पुढे पुढे अवघड राग, ख्याल, ध्रुपद, धमार. आधी काय व मग काय, हे ठरविणे म्हणजेच दर्जा ठरविणे. दर्जा म्हणजे उंच भिंत नव्हे, तो जिना आहे. आणि जिन्याला पहिली पायरी जमिनीजवळच असावी लागते. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने या ग्रंथांची हिंदी रूपे काढली आणि मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही ती घरोघर गेली.

येथे आमच्या भागातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुनावळे हे आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. १९९७ साली ते हद्दीत आले आणि आता शेतांच्या जागी उंच इमारती झाल्या. पण पवनेच्या काठच्या या गावांत भजनाची परंपरा जुनी. माझे आजोबा भजनात पखवाज वाजवीत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण बोल मात्र तोंडपाठ होते. भजनाचा शेवट भैरवीने करावयाचा, हे त्यांना ठाऊक होते. भैरवी हा दहा थाटांतला एक, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. वडील कारखान्यात पाळीवर जाऊ लागले, तेव्हा संध्याकाळी आजोबांसमोर बसावयास कोणी उरले नाही. आजोबा गेले आणि त्यांचे बोलही गेले. मी ज्या शाळेत शिकलो तिच्या वेळापत्रकात कलेचा तास होता. परंतु त्या तासाला बहुधा गणित होत असे. म्हणजे घरची विद्या घरी संपली आणि शाळेची विद्या शाळेत सुरूच झाली नाही. भातखंड्यांनी गवयांच्या दारी हेलपाटे का घातले, हे मला पुस्तकापेक्षा या गोष्टीने अधिक उमगले. जे लिहिले जात नाही आणि ज्याला शाळा मिळत नाही, ते एका माणसाबरोबर मसणात जाते.

पुस्तके झाली, पण पुस्तकाने शाळा होत नाही, हे भातखंडे जाणून होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज या बाबतीत आधीच पुढे होते. मौलाबक्ष यांच्या हाताखाली १८८६ साली त्यांनी गायनशाळा काढली होती, आणि मौलाबक्षांनीही आपली स्वरलिपी तयार केली होती. १९१६ साली महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली. तिच्यामागे भातखंड्यांचीच मेहनत होती. गवई, पंडित व संस्थानिक एका मंडपात बसून रागस्वरूपांवर चर्चा करीत आहेत, हे दृश्य देशाला नवे होते. पुढे १९१८ साली दिल्ली, १९१९ साली काशी आणि १९२४ व १९२५ साली लखनौ येथे अशा परिषदा झाल्या. साऱ्या देशासाठी एक संगीत अकादमी व्हावी, असे त्यांचे स्वप्न होते. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ठराव झाले, टाळ्या झाल्या, पैसा मात्र उभा राहिला नाही. सभांचे हे दुखणे तेव्हाही होते आणि आजही आहे.

परंतु ग्वाल्हेरास त्यांनी जे केले, ते माझ्या मते त्यांच्या चरित्रातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण आहे. माधवराव शिंदे महाराजांना आपल्या राजधानीत गायनशाळा हवी होती. भातखंड्यांनी घाईने फलक लावला नाही. दरबारातले निवडक गवई आधी मुंबईस बोलावून घेतले. राजाभैया पूंछवाले हे त्यांतलेच. जे स्वतः उत्तम गात होते, त्यांना वर्गात कसे शिकवावे, स्वरलिपी कशी लिहावी, एका वेळी अनेक मुलांना पाठ कसा द्यावा, हे त्यांनी शिकविले. मग १९१८ च्या जानेवारीत माधव संगीत विद्यालय उघडले. आधी शिक्षक, मग शाळा! चांगला गवई म्हणजे आपोआप चांगला मास्तर नव्हे, हे त्यांनी ओळखले होते, आणि त्याचबरोबर गाणे न येणारा मास्तर चालणार नाही, हेही.

लखनौचे मॅरिस कॉलेज हे त्यांचे शेवटचे मोठे काम. राय उमानाथ बली यांची तळमळ आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचे पाठबळ मिळून १९२६ साली ते सुरू झाले. गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला मिळाले. पुढे त्याची धुरा भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी वाहिली. रातंजनकरांची घडण हाही एक धडाच आहे. भातखंड्यांकडे शास्त्र शिकलेल्या या शिष्याने बडोद्यास फैयाज खाँ यांच्यासमोर बसून गाणेही घेतले. म्हणजे पुस्तक आहे म्हणून उस्ताद नको, असे भातखंड्यांचे म्हणणे नव्हतेच. या संस्थेत तलत महमूद शिकले, सिंहलद्वीपाहून येऊन अमरदेव शिकले. आज ती भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळणे बरे नव्हे. भातखंड्यांवर आक्षेप घेणारे तेव्हाही होते व आजही आहेत. सारे राग दहा थाटांत नीट बसत नाहीत, ही तक्रार खरी आहे. काही रागांचे स्वर एका घरात आणि चाल दुसऱ्या घरातली असते. कागदावर उतरलेली चीज म्हणजे हाडांचा सांगाडा, मींड आणि आस त्यात येत नाही, हेही खरे. अशिक्षित उस्तादांमुळे संगीताची हानी झाली, असा सूर त्यांच्या लेखनात अनेकदा लागतो. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याविषयी तो अन्यायाचा वाटतो, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी त्यावर कठोर बोट ठेवले आहे. त्यांच्याच काळी दुसरे विष्णू, पंडित विष्णू दिगंबर पलुसकर, यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. त्यांची स्वरलिपी निराळी, वृत्ती निराळी. त्यांचा भर भक्तिगीते, शिस्त व शिष्यांची फौज यांवर. दोघांचे फारसे जमले नाही. पण आज परीक्षेला बसणारा विद्यार्थी या दोन्ही विष्णूंचा ऋणी आहे. आक्षेपांचे उत्तर म्हणून मला एवढेच म्हणावेसे वाटते, की सांगाडा म्हणजे देह नव्हे हे खरे, परंतु सांगाड्यावाचून देह उभा राहत नाही. घराण्यात जन्मलेल्याला पुस्तकाची गरज नसेल. ज्याला घराणे नाही त्याचे घराणे पुस्तकच.

१९३३ साली भातखंड्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तीन वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. अखेर १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. पत्नी नाही, मूल नाही, गडगंज संपत्ती नाही. १९६१ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट निघाले.

आता आपल्या शाळांकडे वळून पाहू. कागदावर आपण भातखंड्यांच्या पुष्कळच पुढे गेलो आहोत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला स्वतंत्र स्थान असून कोणत्या टप्प्यावर मुलाला काय यावे, हे लिहिले आहे. २०२४ साली तिसरीसाठी बाँसुरी आणि सहावीसाठी कृति अशी कलेची पाठ्यपुस्तकेही एन. सी. ई. आर. टी. ने काढली. आपल्या राज्यात दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांसाठी जादा गुण मिळतात. पण शिक्षकाचे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलेचा निदेशक सांगितला आहे. तो अर्धवेळ, आणि तोही पटसंख्या १०० च्या वर असेल तर. नव्वद मुलांच्या शाळेतल्या मुलाने काय गाऊ नये? भातखंड्यांचा क्रम होता : आधी जमवा, मग लिहा, मग शिक्षक घडवा, मग शाळा उघडा आणि शेवटी परीक्षा घ्या. आपण परीक्षा व गुण यांपासून सुरुवात केली आणि शिक्षकाला रांगेच्या शेवटी उभे केले. त्यामुळे ज्याचे आईबाप खाजगी क्लासची फी भरू शकतात त्याला कलेचे जादा गुण मिळतात, आणि ज्याच्यासाठी म्हणून ही सारी खटपट होती तो वर्गाबाहेरच राहतो.

यावर विद्यार्थ्यांनी काय करावे? आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. कलेच्या तासाला कलाच होईल, एवढा निश्चय केला तरी पुष्कळ आहे. तोपर्यंत, गावोगावच्या भजनी मंडळांत जे म्हातारे पखवाजी आणि गायक अजून बसतात, त्यांच्याकडे वही घेऊन जाण्यास कोणाचीच परवानगी लागत नाही. त्यांचे बोल, त्यांच्या चाली लिहून घ्याव्यात. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्यावर नाव, गाव व तारीख घालून ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावे. मुंबईच्या एका वकिलाने आगगाडीने हिंडून, शाईने लिहून जे केले, त्याचा शतांश तरी आपल्या पिढीला जमावयास हरकत नाही. पंडित भातखंडे यांचे याहून चांगले स्मारक मला तरी सुचत नाही.